जर्मनीला शिकायला जाताना : पैसा कुठे, किती आणि कधी

फ्रँकफर्टला उतरलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर खात्यात ११,९०४ युरो असतात आणि त्या दिवशी त्यातला एक युरोही त्याला काढता येत नाही. व्हिसासाठी दाखवलेला पैसा वेगळा आणि पहिल्या महिन्याचं घरभाडं द्यायला लागणारा पैसा वेगळा, हे घरात बऱ्याचदा कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. परदेशात शिकायला गेलेल्यांचे पैसे बुडतात कमी, अडकतात जास्त. कधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी भरलेलं, महिन्याला ठरावीक हप्ताच देणारं खातं), कधी मधल्या बँकेत, कधी आयकर खात्याकडे, कधी घरमालकाच्या डिपॉझिटमध्ये. म्हणून कोणते पैसे कुठे आणि किती दिवस अडकणार, याचा अंदाज निघण्याआधीच घेतलेला बरा.

हिशेब सोपा जावा म्हणून या लेखात १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. खरा भाव त्या दिवशी बघा आणि आकडे त्या प्रमाणात वाढवून घ्या.

ब्लॉक्ड अकाउंट भरताना

सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, दाखवावे लागतात. हे खातं भारतात बसून ऑनलाइन उघडता येतं; फिन्टिबा, एक्सपाट्रिओ, कोरॅकल अशा कंपन्या ती सोय देतात. खातं उघडलं की एक आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, आणि एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो संदर्भ क्रमांक पैसे पाठवण्याच्या अर्जातल्या तपशिलाच्या रकान्यात जसाच्या तसा उतरला पाहिजे. बँकेतल्या माणसाने तिथे नुसतं ‘एज्युकेशन’ लिहिलं, तर पैसे जर्मनीत पोचूनही कोणाचे ते न कळल्यामुळे तसेच पडून राहतात.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे, नावाची. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. बँकेच्या खात्यावर मात्र वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं, कधी तेही नसतं. जर्मन यंत्रणेला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. ब्लॉक्ड अकाउंट, विद्यापीठाचा अर्ज आणि आरोग्य विमा या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवर छापलेलं नाव अक्षरशः उतरवा. भारतातल्या खात्यावरचं नावही निघण्याच्या दोन-तीन महिने आधी पासपोर्टप्रमाणे करून घ्या.

तिसरी अडचण रकमेची. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून, पाठवलेले पैसे वाटेत एक-दोन मध्यस्थ बँकांतून जातात आणि त्या आपला वाटा कापून घेतात. अर्जात शुल्काचे तीन पर्याय असतात : ‘अवर’ म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं, ‘शा’ म्हणजे आपल्या बँकेचं शुल्क पाठवणाऱ्याचं आणि बाकीचं घेणाऱ्याचं, ‘बेन’ म्हणजे सगळं घेणाऱ्याचं. ‘अवर’ निवडा. तरीही खातं उघडण्याचं शुल्क आणि कंपनीने सांगितलेली जादा रक्कम धरून साधारण १०० ते २०० युरो वर पाठवा. पंधरा युरो कमी पोचले तरी खातं भरल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. मग त्या पंधरा युरोंसाठी पुन्हा हजार-दीड हजार रुपये शुल्क भरून नवी पाठवणी करावी लागते आणि आठवडा जातो. वर पाठवलेले पैसे वाया जात नाहीत, बहुधा पहिल्या हप्त्यासोबत परत मिळतात.

पैसे पाठवल्यावर बँकेकडून स्विफ्ट कॉपी मागून घ्या. ‘गेले आहेत, येतील’ हे उत्तर पुरेसं नाही. त्या कागदावर एक लांबलचक शोध क्रमांक असतो आणि पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते त्यावरूनच कळतं. शक्यतो सोमवार ते बुधवार, सकाळी पाठवा. शुक्रवारी दुपारी निघालेले पैसे शनिवार-रविवार वाटेतच काढतात.

शुल्कापेक्षा भावात जास्त जातं

११,९०४ युरो पाठवायला आपल्या हिशेबाने ११,९०,४०० रुपये लागतात. आता कशात किती जातं ते बघू.

परकीय चलनावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. सरकारने ठरवलेल्या एका छोट्या मूल्यावर १८ टक्के लागतो. पहिल्या एक लाखावर ते मूल्य १ टक्का, एक ते दहा लाखांसाठी १,००० रुपये अधिक वरच्या रकमेवर अर्धा टक्का, दहा लाखांपुढे ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेवर ०.१ टक्का. आपल्या उदाहरणात ते मूल्य सुमारे ५,६९० रुपये येतं आणि त्यावर जीएसटी १,०२४ रुपये. बँकेचं पाठवणी शुल्क हजार-दीड हजार. दोन्ही मिळून अडीच हजाराच्या आसपास.

आणि भाव? बाजारात युरो १०० रुपयांना असताना बँकेने १०२ रुपये ५० पैशांना विकला, तर फरक अडीच रुपयांचा. ११,९०४ ने गुणा : २९,७६० रुपये. पावतीवर हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. ‘आमच्याकडे शून्य शुल्क’ अशी पाटी दिसली की हाच फरक तपासायचा.

तो कमी करता येतो, कारण या रकमेला भाव ठरवून मिळतो. बँकेच्या शाखेत ‘आजचा कार्ड रेट (सगळ्यांसाठीचा छापील भाव) काय आहे’ हे विचारून थांबू नका. ‘अकरा-बारा लाखांची शिक्षणासाठीची पाठवणी आहे, ट्रेझरीकडून (बँकेच्या चलन व्यवहार विभागाकडून) भाव मागवून द्या’ असं सांगा. दोन बँका आणि एक अधिकृत मनी चेंजर अशा तिघांकडून एकाच तासातले भाव घ्या, कारण सकाळचा आणि दुपारचा भाव एकमेकांशी ताडून पाहता येत नाही. विचारायचा प्रश्न एकच : माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जाणार आणि तिकडे किती युरो पोचणार? एका युरोमागे पन्नास पैसे कमी झाले, तरी या रकमेवर सुमारे सहा हजार वाचतात. एखादा फोन आणि थोडा भिडस्तपणा सोडणं, एवढंच त्याला लागतं.

टीसीएस : किती, कोणाच्या पॅनवर

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत पाठवणी योजनेत, जिला बँकेत सगळे एलआरएस म्हणतात, एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर, नाही. त्यापुढे स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलं तर ५ टक्के होता. २०२६ च्या अर्थसंकल्पात तो २ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव आला. म्हणून पाठवाल त्या दिवशीचा दर बँकेला विचारा. आपल्या उदाहरणात दहा लाखांवरची रक्कम १,९०,४०० रुपये आहे. ५ टक्क्यांनी ९,५२० रुपये, २ टक्क्यांनी ३,८०८ रुपये. शैक्षणिक कर्जातून थेट जाणाऱ्या पैशांवर टीसीएस नाही, मात्र कर्ज बँकेचं किंवा आयकर कायद्यात बसणाऱ्या वित्तसंस्थेचं हवं. कर्जाची रक्कम आधी बचत खात्यात घेऊन मग पाठवली, तर ती कर्जाचीच आहे हे दाखवायला मंजुरीपत्र जोडावं लागतं. कर्ज खात्यातूनच परस्पर पाठवणं सोपं.

खरी चूक होते ती उद्देशाच्या कोडमध्ये. परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-२ अर्जावर ‘कशासाठी पाठवताय’ याचा कोड भरायचा असतो. शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा, फी आणि राहण्याचा खर्च धरून, कोड एस०३०५. काउंटरवर घाईत ‘नातेवाईकाच्या चरितार्थासाठी’ किंवा ‘भेट’ असा कोड टाकला, तर दहा लाखांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस लागतो. म्हणजे त्याच १,९०,४०० रुपयांवर ३८,०८० रुपये. फी आणि तिकिटाबरोबर विद्यार्थ्याचा रोजचा खर्चही शिक्षणाच्या उद्देशात धरला जातो, असं प्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘राहण्याखाण्याचा खर्च शिक्षणात बसत नाही’ हे ऐकून परत येऊ नका. सही करण्याआधी कोडचा रकाना स्वतः वाचा.

दहा लाखांची मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी आहे. आईच्या खात्यात तिची स्वतःची बचत असेल तर थोडी रक्कम तिने आणि बाकीची वडिलांनी पाठवावी. टीसीएसचा प्रश्नच उरत नाही. आदल्या दिवशी एका खात्यातून दुसऱ्यात ढकललेली रक्कम मात्र बँकेच्या नजरेत येते. टीसीएस कापलाच, तर तो बुडीत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कराच्या नोंदपत्रकात, दिसतो आणि विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. निवृत्त वडिलांनी ‘आता कर लागत नाही’ म्हणून विवरणपत्र भरलं नाही, तर ते पैसे तिथेच राहतील.

पहिले सहा आठवडे

ब्लॉक्ड अकाउंटमधला पहिला हप्ता मिळण्याआधी पायऱ्या असतात. घर मिळणं, घरमालकाकडून राहण्याचा दाखला घेणं (त्याचं जर्मन नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, एका श्वासात म्हणता आलं की भाषेची एक पातळी पार झाली समजा), त्या दाखल्यावर पालिकेत आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी करणं, चालू खातं उघडणं आणि त्या खात्याचा आयबॅन ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवणं. कायद्याने आनमेल्डुंग राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करायचं असतं. मोठ्या शहरांत भेटीची वेळच त्यानंतरची मिळते, म्हणून विमानाचं तिकीट काढलं की लगेच ऑनलाइन वेळ बघायला लागा.

या काळात लागणारा खर्च, मध्यम शहरात, ३८० युरो मूळ भाड्याच्या खोलीसाठी असा धरा :

- डिपॉझिट, म्हणजे कौत्सिओन : कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, १,१४० युरो
- पहिलं भाडं, गरमी-पाण्यासह : ४५० युरो
- सेमिस्टर फी : १०० ते ४०० युरो, विद्यापीठानुसार
- आरोग्य विम्याचा पहिला हप्ता : १५० युरोच्या आसपास
- राहण्याचा परवाना : १०० युरोपर्यंत
- गादी-उशी, भांडी, सिमकार्ड, पहिला किराणा : ३०० युरो

बेरीज २,२०० ते २,५०० युरो होते, आणि महिन्याचा हप्ता आहे ९९२ चा. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट वेगळं आणि हे अडीच हजार वेगळे. म्युनिकमध्ये यात आणखी हजारभर मिळवा. विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली तर डिपॉझिट बरंच कमी असतं. म्हणून प्रवेशपत्र हातात येताच, व्हिसाची वाट न बघता, तिथल्या श्टुडिएरेन्डेनवेर्ककडे, म्हणजे वसतिगृहं चालवणाऱ्या विद्यार्थी संस्थेकडे, अर्ज करून ठेवा. रांगा काही ठिकाणी दोन-दोन सेमिस्टरच्या असतात.

भाड्याची जाहिरात बघताना ‘काल्टमीटे’ आणि ‘वार्ममीटे’ हे दोन शब्द ओळखा. पहिलं मूळ भाडं, दुसरं गरमी, पाणी, कचरा धरून. वीज आणि इंटरनेट वार्ममीटेमध्येही असतीलच असं नाही. खोली न पाहता, करार न होता डिपॉझिट मागणारा, ‘मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा माणूस ठग असतो. तिथे दुसरी शक्यता धरू नका.

अडीच हजार युरो न्यायचे कसे

सगळे नोटांत नको आणि सगळे एका कार्डातही नको. ढोबळ वाटणी अशी : ३०० ते ५०० युरो रोख, दीड हजाराच्या आसपास फॉरेक्स कार्डावर, उरलेल्यासाठी भारतातल्या खात्याचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड राखीव.

रोख घेताना पन्नासच्या आणि त्याहून लहान नोटा मागून घ्या. दोनशेची नोट बेकरीत कोणी घेत नाही, आणि रविवारी सुट्टे करायला दुकानंही बंद. भारतातून निघताना नोटांच्या रूपात साधारणपणे ३,००० डॉलरइतकं परकीय चलन नेता येतं. उरलेलं कार्डावर किंवा बँकेमार्फत. युरोपियन युनियनमध्ये शिरताना १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते. मनी चेंजरला रुपये रोखीने ५०,००० च्या आतच देता येतात, बाकी खात्यातून. पावती पासपोर्टसोबत ठेवा. आणि नोटा चेक-इन होणाऱ्या बॅगेत, भाजणीच्या डब्यात वगैरे लपवायच्या नाहीत. त्या बॅगा उशिरा येतात, कधी दुसऱ्याच शहरात जातात.

फॉरेक्स कार्डात युरो आधीच्या ठरलेल्या भावाने भरलेले असतात, त्यामुळे युरोच्या देशांत वापरताना चलनबदलाचं शुल्क नाही. पण एटीएममधून काढताना दर वेळी दोनेक युरो जातात. वीस-वीस युरो काढण्याची आपल्याकडची सवय तिथे दहा टक्क्यांना पडते. एकदम दोनशे काढा. हे कार्ड विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पॅनवर भरलं तर टीसीएसची मर्यादाही त्याची स्वतःची वापरली जाते.

भारतीय डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर परदेशी खरेदीला साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो. १०० युरोला चार युरोच्या आसपास जादा. म्हणून ती फक्त अडचणीसाठी. परदेशातला वापर कार्डावर आपोआप सुरू नसतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन एटीएम, दुकान आणि ऑनलाइन हे तिन्ही पर्याय वेगवेगळे सुरू करा आणि मर्यादा कमी ठेवा. हे भारतातच करायचं काम आहे, कारण पुढचा अडथळा ओटीपीचा.

ओटीपी भारतीय नंबरवर येतो. ते सिम फोनमध्ये राहू द्या, जर्मन नंबरासाठी ई-सिम घ्या. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, डेटा बंद ठेवा आणि रिचार्जची जबाबदारी घरच्यांवर टाका. बँकेची अ‍ॅपं सिम आणि फोन यांची जोडी ओळखतात. तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात नवा फोन घेऊन अ‍ॅप हलवायला गेलं की भारतीय नंबरवरून एसएमएस बऱ्याचदा जात नाही आणि खातं डोळ्यांसमोर असून हाताशी नसतं. नवा फोन हवाच असेल तर जाण्यापूर्वी घ्या.

चालू खातं आणि त्यातून जाणारे पैसे

निव्वळ ऑनलाइन बँकेचं खातं लवकर उघडतं, पण व्हिडिओवरून ओळख पटवताना काही बँका भारतीय पासपोर्ट स्वीकारत नाहीत. तिथे पोस्टिडेंट कामी येतं : बँकेने दिलेला कागद आणि पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं, तिथला कर्मचारी ओळख तपासतो. श्पारकासेसारख्या शाखा असलेल्या बँकेत भेटीची वेळ घ्यावी लागते, पण समोर माणूस असतो आणि एटीएमचं जाळं मोठं. विद्यार्थ्यांना ठरावीक वयापर्यंत बहुधा मासिक शुल्क नसतं. एका बँकेने नाही म्हटलं तरी घाबरायचं कारण नाही. युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खातं, जर्मनीत ‘बाझिसकोंटो’, मिळण्याचा कायद्याने हक्क आहे.

इथे एक नवा शब्द शिकावा लागतो : लास्टश्रिफ्ट. विमा, फोन, जिम हे सगळे तुमच्या खात्यातून स्वतःच पैसे ओढतात. खात्यात शिल्लक नसली तर व्यवहार परत जातो, समोरची कंपनी दंड लावते, आठवणीची पत्रं येतात आणि प्रकरण लांबलं तर शूफाच्या, म्हणजे पत तपासणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत डाग लागतो. पुढचा घरमालक तीच नोंद मागतो. उलट बाजूही आहे : चुकून किंवा जादा ओढलेले पैसे आठ आठवड्यांच्या आत, कारण न देता, बँकेकडून परत मागवता येतात. भाडं, विमा आणि फोन हे ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी जातील अशा तारखा मागून घ्या.

आनमेल्डुंगनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना १८.३६ युरोचं. ‘आमच्याकडे टीव्ही नाही’ हे उत्तर चालत नाही. ती घरामागे आहे. पण घरामागे एकच आहे. चौघे मिळून राहत असाल तर एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्र टोपलीत टाकलं, तर थकबाकी साठत जाते.

९९२ मध्ये भागतं का? ४५० भाडं, १५० विमा, २०० किराणा, फोन आणि वर्गणी मिळून ३०, मेन्साचं, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीतलं, जेवण तीन ते पाच युरो. सेमिस्टर फीमध्ये प्रवासाचं तिकीट असेल तर शंभरेक युरो उरतात. नसेल तर डॉइचलांडटिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक वाहतुकीचा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. नोकरीला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे आणि २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो. पण पहिल्या सेमिस्टरच्या हिशेबात हे उत्पन्न धरू नका. कराचा क्रमांक पोस्टाने यायलाच काही आठवडे जातात.

‘इथे रुपये दे, तिथे युरो घे’

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हा संदेश दर आठवड्याला असतो : कोणाला घरी पैसे पाठवायचेत, कोणाला घरून हवेत, तुझ्या आईने माझ्या वडिलांच्या खात्यात रुपये टाकावेत, मी तुला इथे युरो देतो. भाव छान, शुल्क नाही. हा व्यवहार फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, बाहेरचा आहे, सोप्या शब्दांत हवाला. त्याहून जवळचा धोका असा की ते रुपये एखाद्या सायबर फसवणुकीतून आलेले असले, तर तक्रार होताच भारतातलं घरचं खातं गोठवलं जातं. आई-वडिलांना मग दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. ‘तुझ्या खात्यावर पैसे येतील, दहा टक्के ठेवून पुढे पाठव’ ही ‘नोकरी’ तर थेट गुन्हा आहे, जर्मनीतही.

सुट्टीत फिरायला निघाल्यावर

युरोच्या देशांत जर्मन कार्डाने काम भागतं. क्रोएशियात २०२३ पासून आणि बल्गेरियात जानेवारी २०२६ पासून युरोच आहे. खिशाला भोक पडतं ते प्राग, बुडापेस्ट, क्राकूवमध्ये. जुन्या शहराच्या चौकात एटीएम दिसतं, तुम्ही ३,००० कोरुना (झेक चलन) मागता. यंत्र पडद्यावर दाखवतं : ‘१३४ युरो, भाव निश्चित’, खाली मोठं हिरवं बटण ‘रूपांतर स्वीकारा’, आणि कोपऱ्यात करड्या रंगात ‘रूपांतर नको’. त्या दिवशी युरोला २५ कोरुना असतील तर ३,००० चे १२० युरो होतात. हिरवं बटण चौदा युरोंचं आहे. ‘नको’ दाबलं तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते, ते बटण तसंच लिहिलेलं असतं. तसं होत नाही. कोरुनाच बाहेर येतात, फक्त भाव तुमच्या बँकेचा लागतो. दुकानातल्या कार्ड यंत्रावरही हाच प्रश्न येतो. उत्तर कायम स्थानिक चलन. भारतीय कार्डावर रुपयांत किंमत दिसली की ओळखीची वाटते, तिथे विशेष सावध राहा.

रस्त्यावरच्या चलन बदलणाऱ्या दुकानात ‘शून्य कमिशन’ लिहिलेलं असतं आणि भाव वाईट असतो. झेक प्रजासत्ताकात एक दिलासा आहे : १,००० युरोपर्यंतचा बदल तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पावती टाकू नका.

फॉरेक्स कार्डात फक्त युरो असताना झ्लॉटी किंवा फ्रँकमध्ये खर्च केला तर दुहेरी रूपांतराचं शुल्क लागतं. तिथे जर्मन कार्ड वापरा. हॉस्टेल आणि गाडी भाड्याने देणारे कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला आठवडा लागू शकतो. खात्यात मोजके पैसे असतील तर परतीच्या तिकिटालाच कमी पडतात. डॉइचलांडटिकीट आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. बिनतिकीट सापडल्यास किमान ६० युरो. स्टेशनच्या स्वच्छतागृहासाठी एक युरोचं नाणं खिशात असू द्या. यूपीआयवर विसंबू नका. पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटाला ते २०२४ पासून चालतं, पण टॉवरखालच्या कॉफीला चालेल असं नाही.

दोन कार्डं दोन ठिकाणी ठेवा, एक खिशात, एक बॅगेत. कार्ड हरवलं तर जर्मन कार्ड ११६ ११६ या क्रमांकावर बंद करता येतं. भारतीय बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक कागदावर लिहिलेला हवा, कारण फोनही कार्डासोबतच गेलेला असतो. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत नोंद, मग बर्लिनचा दूतावास किंवा म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्गचं वाणिज्य दूतावास.

भारतातलं खातं आणि शेवटचा हिशेब

शिकायला गेलेला विद्यार्थी फेमाच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. त्याचं नेहमीचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं असतं. गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत बँकेला पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशी पत्ता पाठवला की होतं. फक्त आई-वडिलांच्या खात्यातून पैसे येत असतील तर त्यांच्या खात्यांना काहीच करावं लागत नाही.

शहर बदलताना किंवा परत येताना पैसे शेवटचे अडकतात ते कौत्सिओनमध्ये. गरमी-पाण्याचा वार्षिक हिशेब व्हायचा असतो म्हणून घरमालक ते काही महिने ठेवू शकतो, आणि ठेवतोच. खोलीत शिरताना भिंती, नळ, खिडक्या, ओव्हन यांचे फोटो आणि मीटरचे आकडे काढून ठेवले असतील, तर कपात कमी होते. घर सोडताना चावी दिल्याचा, खोली तपासल्याचा कागद सही करून घ्या आणि त्यावर आयबॅन लिहा. तो आयबॅन जर्मन खात्याचाच असू द्या. डिपॉझिट, कापलेल्या कराचा परतावा आणि विम्याचा राहिलेला हिशेब हे तिन्ही जमा होईपर्यंत ते खातं बंद करू नका.